तुमच्या शोकसभेत सगळेच दानशूर होते

प्रिय वन्सं,

जयभीम. पत्र लिहायचं कारण, काल बारामतीत तुमची शोकसभा झाली आणि मला ती पचलेली नाही.

सभेत तुमच्या भावाला दोन शब्द बोला म्हणाले. हे माइकपाशी गेले, 'ताई' म्हणाले आणि तसेच खाली येऊन बसले. मग मला विचारलं. मी नको म्हटलं. बोलले असते तर शाळेच्या बाईला न शोभणारे शब्द तोंडातून गेले असते, आणि पिंपळीच्या माझ्या चौथीच्या मुलांचे आईबाप समोर बसले होते. म्हणून हे कागदावर. तुम्हाला असले शब्द चालायचे. मला ते शिकवलेही तुम्हीच.

तुमचा फोटो केवढा केला होता म्हणून सांगू? आपल्या दारातून आडवा करूनही आत आला नसता. खाली रंगीत अक्षरांत 'गरिबांची माउली'. तुम्ही कधीपासून माउली झालात, वन्सं? पेशंट रडायला लागला की तुम्ही म्हणायचात, "रडून घे. झालं की सांग, मग पुढचं बोलू." आणि त्या फोटोपुढं उभं राहून, गावातलं सगळ्यांत मोठं खाजगी हॉस्पिटल ज्यांचं, ते सर रुमालानं डोळे पुसत होते. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. तिथून त्यांच्याकडे बघताना मला सारखं वाटत होतं, की तुम्ही आत्ता मागून याल आणि विचाराल, "काय सर, डोळ्यात कचरा गेला का?"

तुमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं म्हणजे पंचाईत. 'नणंद डॉक्टर आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न, 'दवाखाना कुठंय?' दवाखाना नव्हताच. पाटीसुद्धा नव्हती. मामंजी इंदापूरच्या तहसील कचेरीत शिपाई; त्यांची मुलगी पुण्याला जाऊन डॉक्टर झाली, आणि झाली ती भूल देणारी. मामंजींच्या ते डोक्यातच शिरेना. जेवताना एकदा त्यांनी विचारलं होतं, आठवतं?

"विमल, कापतो कोण?"

"कापतो दुसरा, आबा."

"मग तू काय करतीस?"

"तो कापतोय तवर मानूस जित्ता ठेवते."

म्हातारा घास हातात धरून बसला, आणि म्हणाला, "मग मोठं काम तुझंच हाय की."

ते मोठं काम तुम्ही मोपेडवर केलंत. सकाळी ह्या हॉस्पिटलात सिझर, दुपारी त्या हॉस्पिटलात अपेंडिक्स, मधल्या वारी एसटीनं इंदापूर. ऑपरेशन झालेला माणूस घरी जाताना सर्जनला पेढे द्यायचा. तुमचं नावही त्याला ठाऊक नसायचं. 'त्या भूलवाल्या बाई' एवढंच. तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं.

पण एक गोष्ट तुम्ही फार लवकर ओळखलीत. दोन्ही तालुक्यांत भूल द्यायला तुमच्याइतकं भरवशाचं माणूस नव्हतं. मोठमोठ्या सर्जनांचे चाकू तुम्ही येईपर्यंत ट्रेमध्ये पडून राहायचे. एवढी ताकद हातात असताना दुसऱ्या कुणी आपली फी वाढवली असती. तुम्ही काय केलंत?

इंदापूरच्या बाजारात पोती वाहणारा तो हमाल सरांकडे आला होता. हर्निया होता त्याला. सर म्हणाले, पैशाची सोय करून ये. तो सोय करायला परत पोती उचलायला गेला, आणि आतडं अडकल्यावर त्याला गाडीवर आडवा घालून आणला. तुम्ही तेव्हा कुणा बागायतदाराच्या पित्ताशयासाठी हात धुवून उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, "आधी हा, मग तो."

"मॅडम, ही धर्मशाळा नाही," सर म्हणाले.

"न्हाय ना? मग मी जाते. पित्ताशयवाला तुमीच झोपवा."

हमाल वाचला. त्या दिवसापासून तुम्ही नियमच करून टाकलात. ज्या हॉस्पिटलात तुम्ही भूल देणार, तिथं तुमचा एक गरीब पेशंट महिन्याला फुकट होणार. सर्जननं फी सोडायची, हॉस्पिटलनं खाटेचं भाडं सोडायचं, तुमची फी तर नव्हतीच. काल सगळे त्याला देणगी म्हणत होते. 'आम्ही सर्वांनी विमलताईंच्या मार्गदर्शनाखाली सेवा दिली.' वर्गात एखाद्या पोराचा कान पिरगाळला की ते मुठीतली दुसऱ्याची पेन्सिल सोडतं. त्याला मी कधी देणगी म्हटलेलं नाही.

आणि ती सोडतानाही किती चिकटपणा. फुकटचा पेशंट यादीत शेवटी. फुकटच्या पेशंटच्या टाक्यांना जुना दोरा. हाडांचे डॉक्टर तुम्हाला म्हणाले होते, "तुमची माणसं दुपारी आणत जा, मॅडम. सकाळी बाहेर बसली की बाकीचे पेशंट नाराज होतात." दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही मांडी मोडलेला मेंढपाळ, त्याची घोंगडी आणि त्याची म्हातारी आई अशी तिघं त्यांच्या सोफ्यावर नेऊन बसवलीत. तुम्ही ते सांगताना हसत होतात. मला हसू आलं नव्हतं. तुम्ही ह्या लोकांवर हसत होतात म्हणून जगलात, असं आता वाटतं. मला तेवढं जमत नाही.

सरांच्या नव्या इमारतीची पूजा झाली तेव्हा गावातले यच्चयावत डॉक्टर सहकुटुंब जेवायला होते. तुम्हाला बोलावणं नव्हतं. का नव्हतं ते तुम्हालाही कळत होतं, मलाही, आणि सरांनाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या केसला तुम्ही पोचलात, तर सिस्टरनं कागदात बांधलेला प्रसाद पुढं केला. तुम्ही तो तिच्या टेबलावर ठेवलात आणि हात धुवायला गेलात. घरी येऊन मला एवढंच म्हणालात, "शालन, त्यांना माझ्या हातची भूल चालते. माणूस बेशुद्ध असतो ना."

काल तेच सर म्हणाले, "विमलताई आमच्या घरातल्याच होत्या." कुठल्या घरातल्या, वन्सं? त्यांच्या बैठकीच्या पडद्यांचा रंग तरी तुम्हाला माहीत होता का?

आता मंगलचं लिहिते. ते लिहिल्याशिवाय माझा राग कुणाला समजायचा नाही.

मंगल मोरगावची. लग्न होऊन दौंडाकडं दिलेली, आणि सासरी भाजली. स्टोव्ह भडकला, असं सगळ्यांनी सांगितलं. जीव वाचला, पण जखमा भरताना गळ्याची कातडी अशी आखडत गेली की हनुवटी छातीला जाऊन चिकटली. खालचा ओठ ओढला गेला. तोंड मिटेना, लाळ गळायची, घास बोटानं आत ढकलावा लागायचा. नवऱ्यानं तिला बापाच्या दारात आणून सोडलं आणि दुसरं लग्न केलं. बाप भिवातात्या, जिरायती रान, बाजरी आली तर आली, चार शेळ्या.

त्या सुमारास इथल्या एका क्लबनं फुकट प्लॅस्टिक सर्जरीचं शिबिर भरवलं. खताच्या दुकानाचे मालक तेव्हाही क्लबचे अध्यक्ष. भिवातात्यानं लेकीला एसटीनं आणलं. दिवसभर मांडवात बसवलं. संध्याकाळी तिला आत घेतलं, समोरून, बाजूनं फोटो काढले आणि सांगितलं, हिला भूल देता येणार नाही, धोका आहे, घरी न्या. फाटलेल्या ओठांची चार सोपी पोरं निवडली, त्यांची ऑपरेशनं केली, हार घातले, शिबिर संपलं.

पुढं भिवातात्या शेळी विकायला इंदापूरच्या बाजाराला गेला, तर एसटी स्टँडच्या तोंडाशी क्लबचा फलक. त्यावर मंगलचा फोटो, माणसाएवढा. खाली लिहिलेलं, 'आपल्या मदतीची वाट पाहणारी एक अभागी.' तो शेळी तशीच माघारी घेऊन तुमच्याकडे आला. मी दार उघडलं होतं. भांडायला आलेला नव्हता तो. हात जोडून म्हणाला, "बाई, तेवढा फोटो काढत्यात का बगा. तिच्या सासरची मानसं त्याच रस्त्यानं जात्यात. आमाला दुसरं काय नको."

तुम्ही इंदापूरला गेलात, भर दुपारी समोरच्या सायकलवाल्याची शिडी मागितलीत आणि फलक स्वतः खाली उतरवलात. पालथा करून एसटीच्या टपावर टाकलात. कंडक्टरनं त्याचं लगेजचं तिकीट फाडलं. घरी आल्यावर तो फोडून तुम्ही बंबात घातलात. त्याच पाण्यानं अंघोळ करून बाहेर आलात, तर ओट्यावर अध्यक्ष उभे.

"मॅडम, क्लबची मालमत्ता आहे ती."

"होती."

"त्या फोटोमुळं लोक मदत करतात. आपण भावनेच्या भरात—"

"त्या मदतीतलं तिला काय मिळालं?"

"तिची केस धोक्याची आहे. डॉक्टरांनी भूल द्यायला नकार दिला."

"कुठल्या डॉक्टरनं? मला कुणी विचारलं न्हाय."

अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "तुम्ही द्याल?"

"द्यायची का न्हाय ते मी तिला बघून ठरवीन. तुमच्या फोटोवरनं न्हाय."

त्यांना मी चहा विचारला नाही. आयुष्यात ओट्यावर आलेल्या माणसाला चहा न विचारल्याची ती एकच वेळ, आणि अजून मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

तुमची होस्टेलची मैत्रीण शिरीन पुण्यात प्लॅस्टिक सर्जन. तुम्ही फोन केलात; ती म्हणाली, "तू भूल देणार असशील तर मी येते. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी त्या गळ्याला हात लावणार नाही." ती एक पैसा न घेता येणार होती, स्वतःची हत्यारं घेऊन. तरी थिएटर मिळेना. एकानं एअरकंडिशनर बिघडल्याचं सांगितलं. एकाच्या घरी लग्न निघालं. सर जरा खरं बोलले: "टेबलावर काही झालं तर नाव माझ्या हॉस्पिटलचं जाईल."

तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय. मग उद्यापासून भूल द्यायला पुण्याहून मानूस आणत जा."

संध्याकाळी सरांचा निरोप आला, थिएटर रविवारी मोकळं आहे. आणि काल माइकवर काय म्हणाले ठाऊक आहे? "ताईंनी शब्द टाकला आणि मी त्याच क्षणी किल्ली त्यांच्या हातात दिली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, वन्सं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मंगल आणि भिवातात्या आपल्याकडे राहिले. तिला मान वर करता येत नव्हती, म्हणून ती माणसांना पायांवरून ओळखायची. मी तिला पातळ खीर भरवत होते, तर म्हणाली, "बाई, तुमच्या टाचंला लई भेगा हायत. मेन लावा." एवढ्या दुःखातली बाई माझ्या टाचा बघते.

मग तुम्ही तिच्यापुढं जमिनीवरच बसलात, तिला तुमचं तोंड दिसावं म्हणून अगदी खाली वाकून.

"मंगल, खरं सांगते. झोपवल्यावर श्वासासाठी घशात नळी घालावी लागते. तुझी मान अशी असताना ती नळी जाणार न्हाय. म्हणून आधी तुला अर्धवट गुंगी देणार, शिरीनबाई कातडी कापून मान सोडवणार, आणि मग मी नळी घालणार. त्या मधल्या वेळात श्वास अडकला तर जीव जाऊ शकतो."

"आन् न्हाय केलं तर?"

"जगशील. अशीच."

"मग करा."

"तात्याला विचार एकदा."

"तात्याचं तोंड न्हाय छातीला चिकटलेलं, बाई."

भिवातात्या दाराशी बसला होता. त्यानं नुसती मान खाली घातली. तुम्ही आणखी एकच प्रश्न विचारलात, हळू आवाजात. "स्टोव्ह कुणी पेटवला हुता?" मंगलनं पदरानं लाळ पुसली. मग म्हणाली, "मी तर न्हाय."

पुढं तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत. पण त्या दिवशी तुमच्या तोंडावर जे होतं, तो राग नव्हता. ओकारी यावी तसं काहीतरी होतं. काल हॉलमध्ये बसून तेच माझ्या तोंडात आलं होतं.

ऑपरेशनचं तुम्ही मला भाकरी खाताना सांगितलंत. गुंगीत मंगल शेळ्यांना हाका मारत होती. शिरीननं पहिला छेद घेतला, मान थोडी सुटली, आणि मंगलचे ओठ निळे पडायला लागले. हाका थांबल्या. सर आत उभे होते. ते "माझ्यासमोर नको" म्हणाले आणि बाहेर निघून गेले. स्वतःच्याच थिएटरमधून, वन्सं. तुम्ही शिरीनला म्हणालात, "थांबू नकोस, काप." ती कापत गेली, तुम्ही दोन्ही हातांनी जबडा उचलून धरलात, मान एकदम मागं पडली, आणि नळी गेली. "ओठ पुन्हा तांबडे झाले तेव्हा माझे पाय कापायला लागले," तुम्ही म्हणालात, "त्याच्या आधी न्हाय. भाजी वाढ." माझी पळी भाजीतच राहिली होती आणि तुम्हाला भाजी हवी होती.

मांडीची कातडी काढून गळ्याला लावली. पुढं कित्येक दिवस मंगल गळ्याला पट्टा लावून आपल्या परसात बसायची. एकदा मी कपडे वाळत घालत होते, तर ती आभाळाकडं बघत होती. घारी फिरत होत्या. तिला हाक मारायचं माझ्या जिवावर आलं.

त्याआधी ती हॉस्पिटलात असतानाच अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले होते. तुम्ही त्यांना दारातून परत लावलंत. तरी पेपरात बातमी आलीच: 'क्लबच्या प्रयत्नांना यश, अभागी महिलेला नवे जीवन.' मी पेपर फेकून दिला. तुम्ही उचललात, बातमी नीट कापून घेतलीत. मी चिडले, "तुम्ही उत्तर का देत नाही?" ह्याबद्दल मी तुमच्यावर अजून थोडी रागावलेली आहे, कारण तेव्हाच कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. पण तुम्ही त्या कात्रणाचं जे केलंत ते मला कधीच सुचलं नसतं. पुढचा भाजलेला पेशंट आला की तुम्ही त्याच्या हातात ते कात्रण द्यायचात आणि सांगायचात, "खताच्या दुकानात जा. हे अध्यक्षांना दाखव. म्हणावं, छापलंय तुमी. आता पुण्याला जायला गाडी द्या." चार गिऱ्हाइकांसमोर अध्यक्षांना गाडी द्यावी लागायची. दुकानाच्या पायरीवर पट्ट्या बांधलेला माणूस दिसला की ते मागच्या दारानं निघून जायचे, असं त्यांचा नोकरच सांगायचा.

मग तुम्हाला एका काविळीच्या पेशंटची सुई टोचली.

सरांच्या थिएटरमध्ये हातमोजे धुऊन, पावडर लावून पुन्हा वापरायचे. फाटलेला बोटाचा भाग तुम्ही मला दाखवला होतात. काविळीची लस घ्या म्हणून मी किती मागं लागले होते? "घेते घेते," म्हणायचात. पोलिओच्या डोसाला शेजारची पोरं ओढून न्यायचात, आणि स्वतःला एक इंजेक्शन द्यायला तुम्हाला सवड झाली नाही. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. बाकी सगळं करीन, हे नाही.

डोळे पिवळे झाले, मग अंग. तुम्ही कॉटवर पडलेल्या आणि फोन वाजत होता. मी उचलायचे. "मॅडम कधीपर्यंत बऱ्या होतील? गुरुवारी सिझर आहे." "मॅडम नाहीत तर त्या दुसरं कुणी सुचवतील का?" ताप किती आहे, पोटात अन्न टिकतं का, हे एकानंही विचारलं नाही. सरांनी द्राक्षांची करंडी पाठवली, ड्रायव्हरबरोबर. तुम्ही ती, वरचं हॉस्पिटलचं नाव दिसू नये म्हणून, भिंतीकडं वळवून ठेवायला सांगितलीत. पुण्याला न्यायची वेळ आली तेव्हा गाडी शिरीननं पाठवली. तिथं शुद्ध हरपण्याआधी तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "नळी तू घालू नकोस. तुला जमत न्हाय." ती रडत रडत हसली.

काल सभेला मंगल आली होती, भिवातात्याबरोबर, शेवटच्या रांगेत. तुमच्याबद्दल भाषणं झाली, मग अध्यक्षांनी जाहीर केलं की क्लब तुमच्या नावानं दरसाल शिबिर भरवणार. आणि म्हणाले, "ज्या भगिनीला आपण नवं जीवन दिलं, ती आज इथं आहे. तिनं पुढं यावं, सर्वांना गळा दाखवावा." फोटोग्राफर उठून उभा राहिला.

मंगल गेली. स्टेजवर चढली, पदर गळ्याभोवती नीट घेतला आणि माइक हातात घेतला.

"फोटू काढायचा आसंल तर आदी मला इचारा," ती म्हणाली. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. "ह्या सायबांनी मला माघारी लावलं हुतं. त्या सायबांनी दार लावलं हुतं. बाईंनी उघडाय लावलं. आन् पुन्याच्या बाईंनी केलं. एवढंच हाय. आता जाते."

खाली उतरली आणि चालत थेट बाहेर गेली, मान ताठ. मला वाटलं, आता तरी हे लोक जमिनीत जातील. पण नाही. सरांनी माइक ओढला आणि पुन्हा रुमाल काढत म्हणाले, "मी आज सर्वांसमोर सांगतो, ह्यापुढं विमलताईंचा कुठलाही पेशंट माझ्या दारात आला, तर तो माझा पेशंट." पुन्हा टाळ्या. असल्या माणसांना लाज वाटायला वेगळी भूल उतरवावी लागत असेल.

आज सकाळी मी हे पत्र लिहायला बसणार, तेवढ्यात दारात एक बाई. पिंपळीच्या गयाबाई. म्हणाल्या, "भूलवाल्या बाई हायत का?" त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या, मग म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या," आणि वळल्या. मी हात धरून आत आणलं. चहा दिला, मग बोलल्या. अंग बाहेर येतंय. बसता येत नाही, चालता येत नाही, फडकं बांधून रानात कामाला जातात.

"कधीपासून?"

"धाकटा झाला तवापासनं."

"धाकटा काय करतो?"

"लष्करात हाय. त्याला दोन पोरं हायती."

वन्सं, मी साडीही बदलली नाही. त्यांना रिक्षात घातलं आणि सरांच्या हॉस्पिटलात नेलं. बाहेरची खोली भरलेली होती. सर नेमके तिथंच कुणाला तरी निरोप देत उभे होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सर, ह्या विमलताईंच्या पेशंट. काल तुम्ही सांगितलंत तसं घेऊन आले."

सर हसले. "अहो वहिनी, ते... सभेत माणूस बोलतो."

"मग सगळ्यांना सांगा तसं. हे काय, बसलेत सगळे."

त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. "करू ना, करू. पण भूल कोण देणार? मॅडम तर गेल्या."

"ते मी बघते," मी म्हटलं. कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून शिरीनला फोन लावला. ती म्हणाली, "भूल द्यायला माणूस मी रविवारी घेऊन येते. ऑपरेशनला बाई डॉक्टरही आणते. तू थिएटर सोडू नकोस." मी परत जाऊन सरांना रविवार सांगितला. त्यांना नाही म्हणायला जागा उरली नव्हती.

तेवढ्यात गयाबाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या. तुम्ही कधी कुणाला वाकू दिलं नाहीत. म्हणायचात, पोटात आधीच दुखतंय, त्यात कशाला वाकवायचं. मी त्यांचा दंड धरला. त्या अर्ध्या वाकलेल्या, आणि मी खाली बघितलं तर सरांचा उजवा पाय बुटासकट थोडा पुढं आलेला होता. तो तसाच मागं गेला.

वन्सं, शब्द देते. तुमच्यासारखं माणसाला झोपवणं आणि सुखरूप जागं करणं मला ह्या जन्मात जमणार नाही. पण ह्या दानशूरांना झोपू द्यायचं नाही, तेवढं मला जमेल. रविवारी शाळेला सुट्टी असते. मी थिएटरच्या दाराशी असेन, आणि कुणाचेही आभार मानणार नाही.

तुमची,
शालन